हात जागा होईपर्यंत

सांगली, सोमवार, २९ जानेवारी १९७३
दुपार

चि. लालासाहेब,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही, ह्यांचं, धन्यकुमारांचं आहे. माझं अक्षर ओळखून तू हेही पत्र परत पाठवशील म्हणून त्यांच्याकडून पत्ता लिहून घेतला. ही लबाडी पहिल्याच ओळीत सांगून टाकते. आता फोडलंच आहेस तर वाच.

तुझी शालू सुखरूप आहे. ती इथे सांगलीत, माझ्या देखरेखीखाली आहे. आईही इथेच आहे.

काल रविवार म्हणून चुलत्यांचा नाथाजी साताऱ्याहून गावी आला होता. यंदा वैरणीची किती ओढ आहे ते तुला तिकडे नोकरीवर घरच्या पत्रांतून कळलंच असेल. कडबा वाया जाऊ नये म्हणून त्यानं कुट्टीचं यंत्र आणलंय. चाक तो फिरवत होता, शालू पेंढी आत सारत होती. तिचा उजवा हात पात्यात गेला. बोटं तुटलेली नाहीत, हे आधी सांगते. तळव्याच्या वरच्या बाजूला, मनगटाजवळ खोल कापलं आहे आणि बोटं ओढणाऱ्या दोऱ्या तुटल्या आहेत. कराडला नेलं असतं तर जवळ पडलं असतं. पण आईनं मलकापूरच्या रस्त्यावर उसाचा ट्रक थांबवला आणि म्हणाली, माझी लेक सांगलीत डाक्टर हाय, तिकडंच चला. नऊ वर्षांत माझ्या लग्नाचं नाव न काढणारी आई. हे मला नाथाजीनं सांगितलं.

शालूचा दमा तुला माहीत आहे. तिला पूर्ण भूल द्यायला मी धजावले नाही. म्हणून फक्त हात बधिर केला. गळ्याच्या हाडाच्या वर, खांद्याजवळ, हाताच्या सगळ्या नसा एका ठिकाणी गोळा होतात. तिथे औषध सोडलं की खांद्यापासून बोटांपर्यंत हात झोपतो आणि माणूस जागा राहतो. हेच माझं काम आहे. माणूस पडलेला असतो, डॉक्टर त्याचा हात शिवत असतात आणि तो माझ्याशी उसाच्या लागणीबद्दल बोलत असतो. शालू आज आईला लागलेल्या भुकेबद्दल बोलत होती.

ज्यांनी हात शिवला ते डॉ. सुकुमार चौगुले. शांत माणूस आहे. आत गेल्यावर, मी टोचायच्या आधी त्यांनी तिला बोटं हलवायला लावली, तेव्हा कळलं की एक नव्हे, तीन दोऱ्या तुटल्यात. वेळ लागणार होता. म्हणून मी औषधात थोडं अ‍ॅड्रेनलीन मिसळलं. हे मिसळलं की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध रक्ताबरोबर वाहून जात नाही, नसांपाशीच राहतं. हात दुप्पट-तिप्पट वेळ झोपतो. शिवण उत्तम झाली आहे. शालूला काही कळलं नाही. शेवटी तिनं विचारलं, वन्सं, कवा सुरू करनार?

मी घरी जेवायला आले आणि जेवण राहू देऊन हे लिहिते आहे. आई दवाखान्यामागच्या चुलींवर भाकरी करायला बसली आहे. तिथे सगळ्याच पेशंटांचे नातेवाईक रांधतात. तिला माझ्या घरी चल म्हटलं, तर म्हणाली, शालू उठू दे.

मी सहा वाजेपर्यंत पुन्हा जाईन. काळजी करू नकोस.

आक्का


सांगली, ३० जानेवारी

चि. लालासाहेब,

कालचं पत्र टपालात पडलं आहे. ते परत घेता आलं असतं तर घेतलं असतं.

मी लिहिते आहे ते नीट लिहिलं जाईल की नाही माहीत नाही. सकाळपासून दोनदा कागद फाडला.

काल मी सहाऐवजी चारलाच गेले. जिन्यातच नर्सबाई भेटली. ती म्हणाली, बाई, लवकर या. मला वाटलं, शिवण उसवली किंवा रक्त येतंय. शालू उशीला टेकून बसली होती आणि हसत होती. म्हणाली, वन्सं, हात आता कुठं मुंग्या धरायला लागलाय. तिचा हात चादरीखाली होता. मी चादर काढली.

मनगटावरची पट्टी जशीच्या तशी होती. पट्टीच्या वर, कोपराच्या आतल्या बाजूला, हाताची कातडी नव्हती. म्हणजे होती, पण फोड येऊन, फुटून, चादरीला चिकटून आली होती. मध्ये पांढरा भाग होता. पांढरा म्हणजे कातडी तळापर्यंत मेलेली, हे मला ठाऊक आहे.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, काय झालं? तिला अजून दुखत नव्हतं. मी तिला काही नाही म्हटलं, पट्टी बांधायला सांगितलं, बाहेर गेले आणि डॉक्टरांना बोलवायला माणूस धाडला.  

डॉ. चौगुले आले. त्यांनी बघितलं आणि मला बाजूला नेऊन विचारलं, अ‍ॅड्रेनलीन किती घातलं होतं? त्यांच्या विचारण्यात दोष नव्हता. मी त्यांच्या जागी असते तर तेच विचारलं असतं. मी किती ते सांगितलं. पुढे रात्रभर मी माझ्याच हातावर विश्वास ठेवू शकले नाही. अ‍ॅम्प्यूल तेच होतं का? माप बरोबर होतं का? हाताचं रक्तच बंद पडलं असेल का?

आई म्हणते, इंजेक्शन उतू गेलं, औषध अंगावर फुटलं. नाथाजी आज साताऱ्याला परत गेला, तोही तेच म्हणत गेला. वॉर्डातले सगळे तेच म्हणतात.

कारण शोधतो आहोत. कळलं की लिहीन.

आक्का


सांगली, ५ फेब्रुवारी

चि. लालासाहेब,

तुझी तार मिळाली. "दुसरं इंजेक्शन नको. शालूला घरी पाठवा." नाथाजीनं तुला साताऱ्याहून काय कळवलं असेल ते मला समजतं. त्याला गुरुवारी रजा मिळते आहे आणि तो गाडी घेऊन येतो आहे, असा त्याचाही निरोप आला.

मागच्या पत्रात मी तुला फसवलं. खोटं एकही वाक्य लिहिलं नाही, पण फसवलं. कारण शोधतो आहोत, असं लिहिलं. कारण मला चादर काढली तेव्हाच कळलं होतं.

त्या जखमेला कड होती. सरळ कड. आणि एका टोकाला कोपरा. अंगातून आलेल्या फोडाला कोपरा नसतो, लाला. औषधानं कातडी मेली तर ती नकाशासारखी मरते, वाकडीतिकडी. ही चौकोनी होती. एवढ्या लांबीरुंदीची एकच वस्तू मला आठवली. मी दवाखान्यामागे गेले. आईच्या चुलीशेजारी वीट होती आणि तिच्याभोवती गुंडाळलेलं गोणपाट करपलेलं होतं.

मी कोणालाच काही बोलले नाही. रात्रभर अ‍ॅड्रेनलीनचं माप आठवत बसले, असं लिहिलं, तेही खरं आहे. चूक माझ्या सिरिंजमध्ये निघावी असं मला वाटत होतं का? वाटत होतं. माझी चूक निघाली असती तर ती माझ्यापाशी राहिली असती.

काय झालं ते मी शालूकडून काढून घेतलं. तिनं ते लपवलं नव्हतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मी आईला सांगितलं होतं, जेवणवेळेपर्यंत हात जागा होईल. नेहमी सगळ्यांना तेच सांगते, कारण एरवी तसंच होतं. आत गेल्यावर काम वाढलं, मी अ‍ॅड्रेनलीन मिसळलं, पण बाहेर येऊन वेळ वाढला आहे असं सांगितलं नाही. जेवणवेळ झाली आणि हात जागा झाला नाही. आईनं तो हातात घेतला तर तो लोंबत होता. गार लागला. शालू म्हणाली, हात माझा न्हाईच वाटत. दोघी घाबरल्या. नर्सबाई खालच्या मजल्यावर होती. मी घरी बसून तुला शिवण उत्तम झाल्याचं लिहीत होते.

आईचा शेक तुला आठवतो. गावात बाळंतिणीची कंबर, लचकलेला पाय, पोराची छाती, सगळं तिच्याकडे यायचं. आईच्या हाताला घट्टे आहेत. वीट किती तापली ते तिला हातानं कधीच कळलं नाही. तिला ते समोरच्याच्या तोंडावरून कळतं. ठेवायची आणि विचारायचं, लागतंय का? माणूस अंग ओढून घेईल तेव्हा वीट पुरेशी तापली. आपल्या पोटदुखीला तिनं असंच शेकलंय, आपण दोघांनी किती वेळा 'लागतंय' म्हणून हात झटकलेत.

शालूचे शब्द जसेच्या तसे लिहिते.

"आत्याबाईस्नी बोलू नगा वन्सं. त्या ठेवून इचारत हुत्या, लागतंय का गं? मी म्हनले, न्हाई लागत. मग त्या परत तापवून आनायच्या. मीच म्हनले, आनकी तापवा, मला काय बी कळंना झालंय. हात मेला म्हनून मी भ्याले हुते."

तिला वास आला होता का, असं मी विचारलं. म्हणाली, आला, पण गोणपाटाचा वाटला.

मग मी आईशी बोलले. बोलले म्हणजे सुरुवात केली. म्हटलं, आई, विटेनं भाजलंय. ती माझ्याकडे अशी बघत राहिली जशी लहानपणी मी शाळेतून काही तरी उलटं शिकून आले की बघायची. म्हणाली, "भाजल्यालं मानूस गप बसतंय व्हय गं? ती बोलत हुती माझ्यासंगं. भाजलं असतं तर वरडली नसती?"

ती खोटं बोलत नाही. ती काही झाकतही नाही. तिच्या लेखी भाजणं म्हणजे ओरडणं. शालू ओरडली नाही, म्हणजे भाजलं नाही, म्हणजे उरलं माझं औषध. तिचा हिशेब चोख आहे. त्यात एकच गोष्ट बसत नाही, ती म्हणजे मी शालूच्या खांद्यात काय सोडलं होतं. पुढे मी ते रेटलं नाही. ती मला समजावत होती, जाऊ दे यमे, औषध हाय, एखाद्याला मानवत न्हाई, तू कशाला एवढं लावून घेतीस.

ती मला माफ करत होती, लाला. नऊ वर्षांनी आईनं मला कशाबद्दल माफ केलं असेल तर ते याबद्दल.

आणि खरं सांगायचं तर माझं मापही तिच्यासारखंच आहे. पेशंटला दुखलं नाही की काम चांगलं झालं, असं मी आजवर धरून चालले. सोमवारी शालू हसत होती म्हणून तर मी निवांत घरी गेले.

आता तुझ्या तारेबद्दल. ती मेलेली कातडी काढून टाकावी लागेल आणि मांडीची कातडी तिथे बसवावी लागेल. ते नाही केलं तर तिथला पू खाली शिवलेल्या दोऱ्यांपर्यंत उतरेल. मग बोटंही जातील, कदाचित हातच काढावा लागेल. घरी नेऊन हे होणार नाही. आणि कातडी बसवायची तर मांडी जागच्या जागी बधिर करून हात पुन्हा झोपवावा लागेल. दम्यामुळे पूर्ण भूल देणं आजही तितकंच धोक्याचं आहे. दुसऱ्या भूलतज्ज्ञाला बोलवा, असं मी चौगुल्यांना म्हणाले. ते म्हणाले, शालूबाई तुमच्याशिवाय कुणाला हात लावू देत नाहीत.

म्हणजे तू नको म्हणतोस तेच करायचं आहे. आणि तू हो म्हणावंस यासाठी मला हे पत्र लिहावं लागलं. हे पोचायच्या आत गुरुवार येईल. नाथाजीला परत पाठवायचं तर आईला पटलं पाहिजे. आणि आईला पटवायचं म्हणजे तिला काय पटवायचं?

मला ते करवत नाही.

आक्का


सांगली, ८ फेब्रुवारी

चि. लालासाहेब,

आज गुरुवार. नाथाजी आला आणि एकटाच परत गेला. कसं ते सांगते.

तो टॅक्सी घेऊन आला. वॉर्डात शिरला तो मोठ्यानं बोलतच. त्याच्या आवाजावरून मला वाटतं की गाडीत बसल्यापासून तो बोलतच आला असावा. त्यानं फिरवलेल्या चाकात शालूचा हात गेला, ते त्याच्या मनातून जात नाही. त्याला दुसऱ्या कुणाचा तरी दोष हवा आहे. मी त्याला दोष देत नाही, मलाही तसंच वाटलं होतं. तो म्हणाला, आवं आक्का, जैनाच्या घरात ऱ्हाऊन तुमी नुसता कांदालसून सोडला न्हाई, हातगुण बी सोडला. साताऱ्यात एक वैद्य हाय, लेपानं बरं करतो. शालूनं तोंड भिंतीकडे फिरवलं. तिला ताप आहे.

आई बोचकं बांधून तयार होती. नाथाजी म्हणाला, काकी, उठा. आई उठली.

ती पट्टी बदलण्याची वेळ होती. रोज पट्टी बदलताना मी आईला बाहेर पाठवते. आज नर्सबाई ट्रे घेऊन आली आणि मी म्हटलं, आई, थांब. जायच्या आधी बघून घे. हे वाक्य तोंडातून गेलं आणि मला त्या क्षणी परत घ्यावंसं वाटलं. नाही घेतलं.

पट्टी सुटली. आता तो भाग काळपट तपकिरी झाला आहे, चामड्यासारखा. कडा लाल. आई वाकून बघत राहिली. पहिल्यांदाच बघत होती. तिनं विचारलं, एवढंच? मी म्हटलं, एवढंच. ती आणखी वाकली. कोपऱ्यापाशी तिचा चेहरा थांबला.

तिनं उजवा हात पसरला आणि जखमेवर न टेकवता, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत वीत मोजली. लांबीला मोजलं. मग रुंदीला, बोटांनी.   मग ती पसरलेला हात तसाच धरून, बोटं न मिटता, वॉर्डातून बाहेर गेली. जिना उतरली. मी खिडकीतून पाहिलं. मागच्या अंगणात ती तिच्या चुलीपाशी बसली आणि पसरलेला हात तिनं विटेवर ठेवला.

ती तिथे किती वेळ बसली ते मला सांगता येत नाही. दुसऱ्या चुलीवरची एक बाई तिला काही विचारत होती. आईचा हात विटेवरून हलत नव्हता.

मी खाली जावं की नाही, हे मला कळेना. मी अशी माणसं पाहिली आहेत ज्यांना आपलं माणूस गेल्याचं मीच सांगितलं. त्यांच्याजवळ कसं उभं राहायचं हे मला येतं. आईजवळ कसं जायचं हे मला आलं नाही. शेवटी शालूच म्हणाली, वन्सं, जावा की खाली. मी निघाले, तेवढ्यात ती जिन्यानं वर येताना दिसली.

ती शालूच्या खाटेपाशी गेली नाही. दारातच उभी राहिली आणि नाथाजीला म्हणाली, "गाडी फिरव. म्या भाजलीया तिला."

नाथाजी काहीतरी म्हणायला गेला, काकी, तुमी शेक दिला म्हंजे... आईनं त्याला हातानंच थांबवलं. मग ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता विचारेल, तू मला आधी का सांगितलं नाहीस, हात कधी जागा होणार ते. विचारायला हवं होतं. मी उत्तर तयार ठेवलं होतं, खरं उत्तर. तिनं ते विचारलंच नाही. म्हणाली, काय करायचं ते कर, पन हात ऱ्हाऊ दे तिचा.

संमतीच्या कागदावर नवऱ्याच्या सहीची जागा आहे. तिथे आईचा अंगठा आहे. डॉ. चौगुले चालेल म्हणाले. तुझी तार मी कागदाला जोडायला निघाले होते, तर त्यांनी ती माझ्या हातातून घेऊन खिशात घातली.

आई आज पहिल्यांदा माझ्या घरी आली. जेवली नाही. धन्यकुमारांनी तिला वाकून नमस्कार केला, तर तिनं पाय मागे ओढून घेतले. मला आधी वाटलं, जुनंच कारण. मग ती म्हणाली, माज्या पाया नगं पडू बाबा.

शस्त्रक्रिया मंगळवारी आहे. तोवर ताप उतरला पाहिजे.

आक्का


सांगली, १५ फेब्रुवारी

चि. लालासाहेब,

परवा शालूच्या हातावर कातडी बसवली. आज पट्टी न उघडता वास घेतला, वास नाही. ताप नाही. कातडी धरली की नाही ते अजून दोन-तीन दिवसांनी कळेल. दोऱ्या शिवलेल्या बोटांपैकी मधलं बोट ती वाकवते. करंगळीजवळचं बोट अजून ऐकत नाही. कोपर पूर्ण सरळ होईल का, हे आज कुणी सांगू शकत नाही आणि मीही सांगणार नाही. पण हात आहे आणि तो राहील, एवढं आज मी लिहू शकते.

औषध भरताना मी अ‍ॅड्रेनलीनच्या अ‍ॅम्प्यूलकडे बघत उभी राहिले. न मिसळता दिलं असतं तर हात लवकर जागा झाला असता. पण काम मध्येच असताना जागा झाला असता, आणि मग पुन्हा टोचून औषधाची मात्रा अंगाला झेपेल त्याच्या पलीकडे गेली असती. दोष अ‍ॅड्रेनलीनचा नव्हता. हे मला डोक्यानं कळत होतं, तरी अ‍ॅम्प्यूलवरचं नाव मी पुन्हा पुन्हा वाचत होते. चौगुल्यांनी ते पाहिलं आणि दुसरीकडे बघायला लागले. मी मिसळलं. माप नर्सबाईकडून मोठ्यानं वाचून घेतलं. मग काम सुरू व्हायच्या आधी बाहेर येऊन आईला सांगितलं, आज दुपारचा चहा होईपर्यंत हात उठणार नाही. गार लागेल, लोंबेल, मेल्यासारखा वाटेल. तो मेलेला नाही.

मी खाटेवर लावायला पाटी लिहिली होती, हात झोपलेला आहे, शेकू नये. आई म्हणाली, पाटी कोन वाचतंय गं हितं? तिनं लुगड्याच्या काठाची चिंधी फाडली आणि शालूच्या दंडाला बांधायला मला दिली. म्हणाली, सगळ्यास्नी सांग, ही हाय तवर हात लावायचा न्हाई. तिनं स्वतः बांधली नाही. ती शालूला अजून हात लावत नाही.

काम झाल्यावर मी घरी गेले नाही. खाटेच्या एका बाजूला मी बसले, एका बाजूला आई. शालू मध्ये. तिनं आम्हा दोघींना हसवायचा प्रयत्न केला. म्हणाली, सासू आन् ननंद, दोन्हीकडनं पहारा, माझ्यावानी सुखी सून साऱ्या जिल्ह्यात न्हाई. मी हसले. आई नाही हसली. मग शालू म्हणाली, आत्याबाई, ह्यो हात तर तुमचाच हाय आता, धरा की. आईनं मान हलवली.

चहाच्या सुमारास शालूचा चेहरा बदलला. आधी मुंग्या आल्या म्हणाली, मग थोड्या वेळानं तिला कळ आली आणि ती मोठ्यानं ओरडली. मांडीवरची जखम, हाताची जखम, दोन्ही एकदम पेटल्या. मी दुखण्याचं इंजेक्शन द्यायला उठले. आई उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि पदर तोंडात घालून रडली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा रडली. मला तिच्याजवळ जायचं होतं, पण हातात सिरिंज होती. आधी शालूला इंजेक्शन दिलं. मग गेले.

काल तुझं पत्र आलं. नऊ वर्षांतलं पहिलं. माझं पाच तारखेचं पत्र तुला मिळालेलं नाही, हे त्यावरून दिसतं, कारण तू मला लिहिलं आहेस की हा प्रकार तू कधी विसरणार नाहीस. मी ते पत्र आईला वाचून दाखवायचं की नाही, यावर सकाळ घालवली. शेवटी दाखवलं. तुझे शब्द गाळले नाहीत. ते शब्द तू माझ्यासाठी लिहिले होतेस, तिनं ते स्वतःवर घेतले.

तिनं मला तुला लिहायला सांगितलं आहे. मी तिला विचारलं, सगळं लिहू? विटेचं? ती म्हणाली, "लिव्ह. आन् त्याला म्हनावं, मला काय बोलायचं आसंल ते हितं यिऊन बोल. कागदावर न्हाई."

म्हणून लिहिते आहे. रजा मिळत असेल तर ये. तार कर, न केलीस तरी चालेल. आई गावी जायला तयार नाही. शालूचा हात हालेपर्यंत जाणार नाही म्हणते, आणि तोवर ती माझ्याकडेच राहील. दवाखान्यात येऊ नकोस, तिथे तुला बोलता येणार नाही. आजवर मी पाकिटावर दवाखान्याचाच पत्ता घालत आले, घराचा तुला कधी दिला नव्हता. तो असा: धन्यकुमार आवटी, गावभाग, किराणा मालाच्या दुकानावरचा मजला. स्टँडवर टांगेवाल्याला आवटींचं दुकान म्हटलं की पुरे. जिना बाहेरून आहे आणि दार दिवसा उघडंच असतं.

आक्का